बोळा, बोंडले आणि बाटली

काही महिन्यांपूर्वी आम्ही परळी तालुक्यातल्या धर्मापुरीला गेलो होतो. शिक्षकांशी 'न दिसणारे सजीव' या विषयावर गप्पा मारायच्या होत्या. सकाळी जुना किल्ला आणि केदारेश्वराचे देऊळ पाहून झाले. दुपारी विरजण, शिळी भाकरी, उकळून गार केलेले पाणी अशा घरातल्याच गोष्टींवरून जिवाणूंची ओळख करून घेतली. शेवटी "काही शंका?" असे विचारल्यावर मागे बसलेल्या एक बाई संकोचाने म्हणाल्या, "सर, प्रश्न थोडा घरगुती आहे. माझी जाऊ दुसऱ्या गावी शिक्षिका आहे. तिचं बाळ पाच महिन्यांचं, फक्त अंगावर पितं. पुढच्या महिन्यात तिची रजा संपते. अशा बाळाला बाटली कोणती घ्यावी? दुकानात ढीगभर प्रकार आहेत, प्रत्येकावर 'आईसारखी' असंच लिहिलेलं असतं."

आम्ही उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "त्यांना रजा तरी हाय. माझं लेकरू उसाच्या फडात पाचटावर वाढलं. बाटली मी बी घेतली व्हती. पन ती धुवायला पानी कुठलं आणायचं?"

हसणे थांबले. आम्हीही गप्प झालो. पहिला प्रश्न निवडीचा होता, दुसरा धुण्याचा. परतीच्या वाटेवर लक्षात आले, की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. बाळाच्या बाटलीचा सारा इतिहास म्हणजे 'हे भांडे आतून धुता येते का?' या एका प्रश्नाचा इतिहास आहे. तो सांगितला, की बाईंच्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ आपोआप मिळते.

भाषेत उरलेला बोळा

'आम्ही काही बोळ्याने दूध पीत नाही' असे आपण सहज म्हणतो. आम्ही इतके भोळे नाही, असा त्याचा अर्थ. पण हा बोळा म्हणजे काय, हे वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुलांना सांगता येणार नाही. स्वच्छ कापसाचा किंवा मऊ कापडाचा बोळा दुधात भिजवायचा आणि तो बाळाच्या ओठांशी धरायचा. आई आजारी असेल किंवा बाळंतपणात दगावली असेल, तर बाळ जगवण्याचा हा एक मार्ग होता. वापर गेला, वाक्प्रचार राहिला.

बोळ्याच्या जोडीला शिंपी होती आणि बोंडले होते. बोंडले म्हणजे तोटी असलेले छोटे भांडे. घरच्या ऐपतीप्रमाणे ते पितळेचे किंवा चांदीचे असे. दक्षिणेत याच कामासाठी पालडै वापरतात. ती पणतीसारखी पसरट असते आणि तिला पन्हळीसारखी उघडी चोच असते. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत आईला दूध नसेल तर धात्री, म्हणजे दूध पाजणारी दाई, कशी असावी याची सविस्तर चर्चा आहे. बाळाला आईचे दूध मिळाले नाही तर काय करायचे, ही चिंता काही आजची नाही.

जगात इतरत्रही हेच दिसते. जर्मनीतल्या बव्हेरियात लहान मुलांच्या थडग्यांत चोच असलेली मातीची इवलीशी भांडी सापडली होती. ती सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. ती दिवे आहेत, खेळणी आहेत की आणखी काही, यावर तर्क चालले होते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या ज्यूली डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या आतल्या भिंतीत मुरलेल्या स्निग्ध पदार्थांचे रासायनिक विश्लेषण केले. २०१९ साली त्यांनी जाहीर केले, की त्यांत रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचे अंश आहेत. भांडी बाळांना दूध पाजण्याचीच होती. त्यांच्या आतल्या बारीक चोचीत बोट जात नाही, आणि ती बाळांच्या थडग्यांत सापडली, या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याइतका पुरावा आपल्याकडे नाही. पण पुढच्या काळातल्या एका बाटलीबाबत मात्र तो भरपूर आहे.

नळीची बाटली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रबर स्वस्त झाले. अमेरिकेत १८४५ साली एलायजा प्रॅट यांनी रबरी बोंडाचे पेटंट घेतले. त्याआधी चामड्याचे, कापडाचे, अगदी गाईच्या सडाचेही बोंड वापरत. त्यानंतर इंग्लंडात एक बाटली फार लोकप्रिय झाली. चपटा काचेचा कुपा, बुचातून आत जाणारी काचनळी, तिला जोडलेली लांब रबरी नळी आणि टोकाला बोंड. बाटली पाळण्यात ठेवायची, बोंड बाळाच्या तोंडात द्यायचे आणि आईने कामाला लागायचे. गिरण्यांत बारा-बारा तास राबणाऱ्या आईला हे वरदानच वाटले असणार.

पण ही नळी आतून धुणार कशी? तिच्यात बोट जात नाही, ब्रशही नीट फिरत नाही. आत दुधाचा थर बसे, त्यावर नवे दूध येई. १८६१ साली निघालेल्या मिसेस बीटन यांच्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापनाच्या पुस्तकात तर असा सल्ला आहे, की बाटलीला बांधलेले बोंड बदलेपर्यंत काढू नये, आणि बदलण्याची वेळ सहसा पंधरा दिवसांआधी येत नाही. लेखिका निष्काळजी नव्हत्या. रोग जंतूंमुळे होतात हेच त्या वेळी लोकांना ठाऊक नव्हते.

त्या पंधरा दिवसांत काय होत असेल, याचे गणित मुलांकडून करून घ्या. अनुकूल तापमान आणि भरपूर अन्न मिळाले, तर काही जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. तासाला तीन वेळा दुप्पट. नळीत एकच जिवाणू उरला असे धरू. तीन तासांत नऊ वेळा दुप्पट होऊन ५१२ होतील. सहा तासांत अठरा वेळा दुप्पट होऊन २ लाख ६२ हजार १४४. प्रत्यक्षात वाढ इतकी बिनचूक नसते, पण सकाळची उष्टी बाटली दुपारी का वापरू नये, हे समजायला एवढे पुरे. धर्मापुरीचा उन्हाळा म्हणजे जिवाणूंच्या दृष्टीने ऊबदार पेटीच.

हे कोडे सोडवण्यात बाळांच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. म्युनिकमध्ये काम करणाऱ्या थिओडोर एशेरिक यांनी नवजात बालकांच्या विष्ठेचा अभ्यास केला. जन्मतः आतड्यात जिवाणू नसतात, मग ते केव्हा आणि कोणते येतात, हे त्यांना पाहायचे होते. १८८५ साली त्यांनी एका जिवाणूचे वर्णन केले. तोच आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा ई. कोलाय. त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. आपल्या सर्वांच्या पोटात त्या आहेत. पण काही जाती बाळांना प्राणघातक हगवण लावतात. लंडनमध्ये जॉन ब्रे यांनी १९४५ साली बाळांच्या उन्हाळी हगवणीशी त्यांचा संबंध दाखवला. एशेरिक पुढे व्हिएन्नात गेले. तिथे १९०३ साली त्यांनी अर्भकांच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि अंगावरच्या दुधाचा हिरिरीने पुरस्कार केला.

नळीच्या बाटलीला पुढे 'खुनी बाटली' असे नाव पडले. फ्रान्सने १९१० साली कायदा करून तिच्यावर बंदी घातली. म्हणजे जंतूंचा शोध लागल्यावरही ती दुकानांतून जायला पंचवीस-तीस वर्षे लागली. बाळाला एकटे सोडता येते ही तिची सोय, आणि आतून धुता येत नाही हा तिचा दोष. सोय डोळ्यांना दिसत होती, दोष दिसत नव्हता.

काच आणि प्लॅस्टिक

त्यानंतरच्या सुधारणा या दोषाशी झगडणाऱ्या आहेत. १९००च्या सुमारास नावेच्या आकाराची बाटली आली. तिला दोन्ही बाजूंना तोंडे होती. एका तोंडाला बोंड, दुसऱ्याला रबरी झडप. दोन्ही काढली आणि नळाखाली धरली, की पाणी आरपार जाई. झडपेचे आणखी एक काम होते. बाळ दूध ओढते तसा बंद बाटलीतला दाब कमी होतो आणि दूध यायचे थांबते. झडपेतून थोडी हवा आत आली, की दाब सारखा होतो. डब्याला दोन भोके पाडल्याशिवाय तेल नीट ओतता येत नाही, तेच तत्त्व.

पुढची अडचण उकळण्याची. साधी काच गरम पाण्यात टाकली की तडकते, कारण तिचा बाहेरचा थर आधी प्रसरण पावतो आणि आतला मागे राहतो. जर्मनीत ऑटो शॉट यांनी बोरॉनयुक्त काच बनवली. ती साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते. प्रयोगशाळेतले चंचुपात्र त्याच काचेचे असते. या काचेच्या, रुंद तोंडाच्या, उभ्या बाटल्या आल्या आणि धुण्याचा प्रश्न बराचसा सुटला. पण केवळ ज्यांच्याकडे पाणी, जळण आणि वेळ आहे, त्यांच्यापुरता.

मग प्लॅस्टिक आले. १९५३ साली जर्मनीत हेरमान श्नेल यांनी पॉलिकार्बोनेट बनवले. काचेसारखे पारदर्शक, पडले तरी न फुटणारे. पण ते ज्या बिस्फेनॉल-ए या रसायनापासून बनते, त्याचे सूक्ष्म अंश गरम द्रवात उतरतात, आणि हे रसायन शरीरात काही प्रमाणात स्त्रीसंप्रेरकासारखे वागते. युरोपीय संघाने २०११ साली बाळांच्या बाटल्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. भारतीय मानक ब्यूरोच्या बाटल्यांसाठीच्या मानकानेही नंतर पॉलिकार्बोनेट वगळले. आज बहुतेक बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. ते दुधाळ दिसते आणि उकळते पाणी सोसते. पण ब्रशने घासून त्यावर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत जिवाणूंना घर मिळते. म्हणजे फिरून तोच प्रश्न.

डबा, बाटली आणि कायदा

बाटली एकटी आली नाही. तिच्यासोबत दुधाच्या पावडरीचा डबा आला. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९५०च्या दशकात म्हशीच्या दुधापासून अर्भकांसाठी पावडर बनवण्याची पद्धत शोधली. म्हशीच्या दुधात स्निग्धांश आईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट, प्रथिने तर कितीतरी जास्त. ते बाळाला पचेल असे करणे ही अवघड गोष्ट होती, आणि ज्या बाळाला आई नाही त्याच्यासाठी ती जीवनदायी होती. प्रश्न निर्माण झाला तो ज्यांना आईचे दूध मिळत होते, त्यांच्याही घरात जाहिरातीने डबा पोचवला तेव्हा.

हा धोका ओळखणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत सिसिली विल्यम्स होत्या. आफ्रिकेत मुलांच्या कुपोषणावर काम करून त्या सिंगापूरला आल्या. तिथे परिचारिकांचा वेश केलेल्या विक्रेत्या बायांना अंगावर पाजणाऱ्या आयांना आटवलेले डब्याचे दूध विकताना त्यांनी पाहिले. १९३९ साली तिथल्या रोटरी क्लबात त्यांनी भाषण केले. त्याचे शीर्षक होते 'दूध आणि खून'. डबा महाग म्हणून पावडर पुरवून पुरवून वापरायची, त्यात मिळेल ते पाणी घालायचे, आणि बाटली नुसती विसळून घ्यायची. या तीन गोष्टी एकत्र आल्या, की बाळ आधी हडकते आणि मग हगवणीने जाते. १९७०च्या दशकात यावरून जगभर आंदोलन झाले. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने विक्रीबाबतची आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. ११८ देश बाजूने, तिघे तटस्थ, आणि विरोधात एकच मत, अमेरिकेचे.

भारताने १९८३ साली आपली संहिता केली आणि १९९२ साली कायदा. तो १ ऑगस्ट १९९३पासून लागू झाला आणि २००३ साली आणखी कडक करण्यात आला. दरम्यान ३ डिसेंबर १९९१ रोजी आपल्या वर्ध्यात स्तनपान प्रचाराचे राष्ट्रीय जाळे स्थापन झाले होते. या कायद्याने पावडरीच्याच नव्हे, तर बाटलीच्याही जाहिरातीला बंदी आहे आणि मानक ब्यूरोची खूण असल्याशिवाय बाटली विकता येत नाही. कायद्याने वस्तूवर बंदी घातली नाही, तिच्या गुणगानावर घातली. फरक महत्त्वाचा आहे. गरज पडेल तेव्हा बाटली मिळावी, पण गरज नसलेल्याच्या मनात ती गरज निर्माण करू नये.

बाळ दूध कसे पिते?

आता बाईंच्या जावेकडे येऊ. अंगावर पिणारे बाळ केवळ बोंड चोखत नाही. तोंड मोठे उघडून ते स्तनाग्राभोवतीचा भागही आत घेते. जीभ खाली जाते, तोंडात पोकळी तयार होऊन हवेचा दाब घटतो आणि दूध येते. ऑस्ट्रेलियात डॉना गेडिस यांनी २००८ साली ध्वनिलहरींच्या चित्रणाने हे दाखवले. दुधाचा वेग बाळ आपल्या ओढण्याने ठरवते, मध्ये थांबते, श्वास घेते. बाटली उपडी धरली तर मात्र दूध वजनानेच खाली येते. बाळाला गिळत राहावे लागते. त्याला या सोप्या प्रवाहाची सवय लागली, की काही बाळे अंगावर प्यायला कुरकुरतात. आणि बाळ कमी प्याले, की दूधही कमी होते. स्तन जितका रिकामा होतो तितके नवे दूध बनते. इथे मागणी तसा पुरवठा.

म्हणून 'आईसारखी बाटली' नावाची वस्तू नाही. बाटली घ्यायचीच तर तोंड रुंद हवे, बोंडाचे छिद्र बारीक हवे. उपडी धरल्यावर दूध धारेने न येता थेंब थेंब पडावे. आत खाचा, नळ्या, झडपा जितक्या कमी तितके बरे. पाजताना बाळ बसते धरावे, बाटली आडवी ठेवावी, मधूनमधून थांबावे. बाटली उशीला टेकवून बाळाला एकटे सोडले, तर ती नळीची बाटलीच झाली.

पण जावेच्या बाळाला बाटली हवीच का? रजा संपेल तेव्हा ते सहा महिन्यांचे झालेले असेल. मऊ भात, वरण, खिमट सुरू होईल. अशा बाळाला आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा छोट्या पेल्याने पाजता येते. पेला तर नवजात बाळालाही चालतो. आजीला पहिले चार दिवस धीर धरावा लागेल, एवढेच. हे दूध धुतलेल्या हातांनी, स्वच्छ झाकणाच्या स्टीलच्या डबीत काढावे. २५ अंश तापमानापर्यंत ते सुमारे चार तास बाहेर टिकते. आपल्याकडे उन्हाळ्यात त्यावर भरवसा ठेवू नये. बर्फाच्या डब्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवावे. काढलेले दूध नीट जपले तर किती उपयोगी पडते, हे मुंबईच्या शीव रुग्णालयाने दाखवून दिले आहे. तिथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली.

आणि बोंडले? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत नवजात बालकांना बाटली, पेला आणि पालडै यांनी दूध पाजून तुलना केली होती. पालडैने बाळे कमी वेळात जास्त दूध प्याली आणि शांत राहिली. पुढच्या एका अभ्यासात दूध बरेच सांडते अशीही नोंद झाली. तरी उघडे भांडे मागासलेले नाही, एवढे नक्की. जुने म्हणून सगळेच चांगले, असेही मात्र नाही. पालडैची चोच उघडी असते, ती बोटाने घासता येते. बंद तोटीच्या बोंडल्यात बोट जात नाही. ते नळीच्या बाटलीचेच धाकटे भावंड. कसोटी जुन्या-नव्याची नाही, पितळ-प्लॅस्टिकचीही नाही. जिथे बोट पोचते ते भांडे बाळाचे.

फडातला प्रश्न

राहिल्या मावशी. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून उसाच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. राहायला कोपी. बाळ फडाच्या कडेला, थोरल्या बहिणीच्या राखणीत. तिथे नळ नाही. कारखान्यात काम करणाऱ्या आईला बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी मिळावी, हे १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने मान्य केले, नंतरच्या कायद्यानेही ते ठेवले. पण ज्या कारखान्यासाठी ती ऊस तोडते, त्याच्या हजेरीपटावर तिचे नावच नसते. मग ही सुट्टी तिला कोण देणार?

मावशींना आम्ही त्या दिवशी एवढेच सांगितले, की तुमचा प्रश्न बरोबर होता. बाटली धुवायला पाणी नसेल, तर कोणतीही बाटली चांगली नाही. तिथे वाटी बरी, आणि त्याहून बरे म्हणजे मोळी बांधता बांधता दहा मिनिटे बसून बाळाला अंगाशी घेता येणे. यावर त्या म्हणाल्या, "ते मुकादमाला सांगा." त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

शाळेत मात्र एक काम करता येईल. घरी आजीला विचारून यायला मुलांना सांगा: तुम्हाला, बाबांना, आत्याला लहानपणी दूध कशाने पाजले? बोळा, शिंपी, बोंडले, वाटी की बाटली? काही घरांत बोंडले अजून देवघराच्या फडताळात असेल. मुलांनी ते वर्गात आणले, तर तोटीत बोट घालून बघायला सांगा. बोट अडेल. मग पुढचा प्रश्न मुलांनाच विचारा: ज्या फडात पाणी नाही, तिथल्या बाळाला दूध कशाने पाजायचे? ज्यांच्या आया यंदा फडावर आहेत अशी काही मुले त्या वर्गात असतील. त्यांना आधी बोलू द्या.